घरातली वीज
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. विजेवर ही काय बोलणार, असे आपल्यापैकी काही जणींना वाटले असेल. पण आमच्या घरी वायरमनचा धंदा. यांच्या हातात पक्कड नि टेस्टर देता देता कानांवर पुष्कळ पडले, आणि मुलगी दहावीला असताना तिचे विज्ञानाचे पुस्तक रात्री मीही वाचून काढले. दिवसभर बटणे आपण दाबतो, ओल्या हाताने आपण वावरतो. मग विजेची माहिती तेवढी पुरुषांनी का ठेवावी?

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी जितकी उंच, तितका खालच्या नळाला जोर. विजेच्या जोराला व्होल्ट म्हणतात; आपल्या घरांत तो २३० असतो. नळातून पाणी वाहते तसा तारेतून प्रवाह वाहतो, तो अँपिअरमध्ये मोजतात. नळी बारीक असली की पाणी अडते. विजेच्या अशा अडण्याला रोध म्हणतात, त्याचे माप ओहम. जोराला रोधाने भागले की प्रवाह निघतो. जर्मनीतल्या ओहम नावाच्या एका शिक्षकाने हे १८२७ साली पुस्तक लिहून मांडले.

एका बाबतीत मात्र वीज पाण्याहून निराळी. पाणी कोठेही सांडते. वीज परत जायला वाट असेल तरच निघते. हातातल्या बॅटरीत दीड-दीड व्होल्टचे दोन सेल असतात. बटण सरकवले की सेल, दिवा आणि पुन्हा सेल अशी वाट जुळते व दिवा लागतो. वाट कोठेही तुटली की अंधार. या वाटेला वायरमन सर्किट म्हणतात, मुलांच्या पुस्तकात परिपथ आहे, आणि मराठी विश्वकोशात मंडल! म्हणजे आपल्या मंडळाच्या नात्यातलेच.

दिवाळीच्या जुन्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ विझायची, कारण सर्व दिवे एकामागे एक ओवलेले. घरात तसे करून चालणार नाही. पंखा बंद केला की फ्रीज बंद पडेल. म्हणून घरात प्रत्येक वस्तूला फेज आणि न्यूट्रल या दोन तारांतून स्वतंत्र वाट दिलेली असते. प्रत्येकीची वाट वेगळी, पण मुख्य तारेवर सगळ्यांचा भार एकत्र येतो. हजार वॉटची इस्त्री सव्वाचार अँपिअर घेते, पाण्यात टाकायचा दीड हजार वॉटचा रॉड साडेसहा. दोन्ही मिळून पावणेअकरा झाले, आणि आपण ते जोडतो सहा अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डावर! तार तापते, वरचे आवरण वितळते आणि आग लागते. भार फार झाला की फ्यूजची तार वितळावी किंवा एमसीबी खाली पडावा, ही योजना त्यासाठीच असते. फ्यूज सारखा जातो म्हणून कोणी जाड तार बांधून देत असेल, तर त्या गृहस्थाला चहा पाजून परत पाठवावे.

आता मुख्य गोष्ट. एमसीबी आहे म्हणजे माणसाला धोका नाही, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. १६ अँपिअरचा एमसीबी तारेला सांभाळतो, आपल्याला नाही. ओल्या अंगाचा रोध साधारण हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला पाव अँपिअरहून थोडा कमी प्रवाह अंगातून जाईल. एवढ्याने माणूस मरतो, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आमच्या शेजारच्या वाडीत एक सून पावसाळ्यात पत्र्याच्या पडवीत लोखंडी तारेवर कपडे वाळत घालत होती. पत्र्यावरून गेलेल्या वायरचे आवरण झिजले होते. तिला सोडवायला सासू धावली, तीही चिकटली. सासू वाचली, सून गेली. कपड्यांना नायलॉनची दोरी बांधा हो! आणि कोणी चिकटले तर आधी मेन स्विच बंद करा. तो लांब असेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने माणूस बाजूला करा, आणि १०८ ला फोन लावा.

यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही लागतात. एक अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन त्यासाठीच असते. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर आपल्या अंगातून न जाता ती या तारेने जमिनीत जाते. ती पिन मोडून दोन भोकांत प्लग बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत. दुसरा उपाय आरसीसीबी. तो जाणारा आणि परत येणारा प्रवाह ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा घेतला, तर तेवढा प्रवाह आडवाटेने गेल्याबरोबर क्षणार्धात वीज तोडतो. महिन्यातून एकदा त्याचे टी लिहिलेले बटण दाबून तो पडतो ना, हे पाहावे. किंमत एका बऱ्या साडीएवढी. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धराल, तर तोही वाचवीलच असे नाही.

शेवटी एक मागणी. आपल्या सभागृहात शिवणवर्गाची चार यंत्रे आणि चहाची किटली एकाच बोर्डावर आहेत, आणि त्या बोर्डाच्या मोठ्या भोकामागे तारच नाही. मी उघडून पाहिले आहे. यंदाच्या शिलकेतून रंगमंचाला नवा पडदा घेण्याचा ठराव पुढे आला आहे. पडदा छानच दिसेल, पण तो पुढच्या वर्षी घ्यावा आणि यंदा अर्थिंगचा खड्डा व आरसीसीबी करावा, अशी माझी सूचना आहे. मजुरी आमचे घर घेणार नाही. सामानाचे तेवढे पैसे मंडळाने द्यावेत. ज्यांना आपल्या घरची तपासणी करून हवी असेल, त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नावे द्यावीत. टेस्टर मी पिशवीत घेऊनच आले आहे.