आजीचं लुगडं भांडेवालीला देण्याआधी

(लोकसंचालित साधन केंद्राच्या बैठकीत महिलांसमोर झालेलं भाषण)



आज बचतीचा अन् कर्जाचा हिशेब नाही. आज घरातल्या जुन्या वस्तूंबद्दल बोलू.

गावोगाव मातीची घरं गेली, घरकुलं झाली. चांगलंच झालं, गळणाऱ्या छताखाली कोण राहणार? पण मातीच्या भिंतीत कोनाडे होते, वर माळा होता. घरकुलात ते नाही. मग सामान हलवताना जातं अंगणात पडलं, पितळी गुंड भंगारात किलोवर गेला, अन् आजीचं नऊवारी लुगडं भांडेवालीनं एका स्टीलच्या डब्यात नेलं. डबा कामाचा आहे, नाही म्हणत नाही. पण आजीचं दुसरं काही घरात उरलं का, हे कोणी पाहिलं?

काही जणी म्हणतील, ताई, आमच्या घरी ठेवण्यासारखं आहेच काय? अव बाई, आपल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांजवळ काय होतं? एक गाडगं, एक खराटा, अंगावर चिंध्या. आजही माणूस त्याच वस्तूंवरून त्यांना ओळखते. पुण्याला शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावानं त्यांनी ते उभं केलं अन् १९७५ साली महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. तिथं दिवे आहेत, अडकित्ते आहेत, स्वयंपाकाची भांडी आहेत. लोक तिकीट काढून अडकित्ता पाहतात, अन् आपण तोच भंगारात देतो!

आता फोटोचं. आजोबाचा फोटो भिंतीवर असतो. आजीचा मात्र, ती गेल्यावर, आधार कार्डावरून मोठा करून आणावा लागतो. म्हणून ती बसली आहे तोवर फोटो काढा. दळताना, निंदताना, हसताना. एक तरी प्रत कागदावर काढून घ्या, मोबाईल बिघडला की सगळंच जाते. मागे पेन्सिलीनं नाव लिहा, माहेरचं गावही लिहा. बॉलपेननं लिहिलं तर समोरून वळ उमटते. फोटो काचेला चिकटू देऊ नका, मध्ये जाड कागदाची चौकट ठेवा. पावसाळ्यात ओल येते त्या भिंतीवर टांगू नका. अन् जुना मूळ फोटो लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. झेरॉक्स काढून ती करा.

लुगडं फाटलं असेल तर काठ कापून फोटोच्या चौकटीभोवती लावा, बाकीच्याची गोधडी शिवा. जे अख्खं ठेवायचं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, सोबत वाळलेला कडुनिंबाचा पाला. वर्षातून दोनदा घडी बदला, नाहीतर घडीवरच विरते. जातं जड आहे म्हणून फेकू नका, तुळशीजवळ मांडा.

पण माझ्या मते सगळ्यात आधी आवाज ठेवावा. हेमा राईरकर अन् गी पॉईटवँ यांनी गावागावात बायांजवळ बसून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. गाणाऱ्या बाईचं नाव अन् गावही लिहून ठेवलं. शाळेत न गेलेल्या बाईचं नाव कागदावर राहिलं, ते तिच्या ओवीमुळं. आपल्या सासूला, आईला किती ओव्या येतात, विचारलं कधी? मोबाईलमध्ये रेकॉर्डिंगचं बटन आहे. सुरुवातीला तिचं नाव तिलाच सांगायला लावा, मग गाऊ द्या. लाजली तर आधी चहा पाजा.

यंदाच्या संक्रांतीला आपल्या गटाच्या हळदीकुंकवात एक करून पाहू. प्लॅस्टिकच्या डब्या वाटायच्याच असतील तर वाटा, पण प्रत्येकीनं घरची एक जुनी वस्तू आणायची अन् ती कोणाची होती ते दोन मिनिटं सांगायचं. सतरंजी मी आणते. सचिव ताईंनी वहीत प्रत्येकीची गोष्ट लिहून घ्यावी. कोण काय आणणार, ते आज जातानाच सांगून जा.