अंगणातील मातीची ओळख



कामगारांच्या सभा घेणाऱ्या माणसाने मातीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु या विषयात आम्ही एकदा सपशेल चुकलो, आणि त्या चुकीचे पैसे दुसऱ्यांनी भरले. म्हणून बोलावयास उभे आहोत.

आमच्या वसाहतीतील अंगणे मुरमाड. 'काळी माती ती चांगली माती' हे आम्ही लहानपणापासून ऐकलेले. आमच्या शब्दावर घरोघर वर्गणी निघाली, काळी माती आली, पपया लागल्या. पावसाळ्यात पाणी तुंबले, मुळे कुजली. उन्हाळ्यात अंगठा जाईल अशा भेगा पडल्या. आम्ही रोपवाल्यास दोष दिला. दोष आमच्या अज्ञानाचा होता.

दख्खनची काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली. तिच्यातील चिकण कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक. भिजले की फुगतात, वाळले की आकसतात. कापसाच्या शेतात हाच गुण ओल धरून ठेवतो. आमच्या अंगणात खाली घट्ट मुरूम होता. तेथे ती बिनभोकाची कुंडी झाली. शिवाय शहरातील अंगणात पुष्कळदा बांधकामाचा भराव असतो. तेव्हा रंगावर जाऊ नये, परीक्षा करावी.

पहिली परीक्षा हाताची. मूठभर माती कणकेसारखी भिजवून अंगठा व तर्जनी यांमध्ये दाबत पट्टी काढावी. पट्टी निघतच नाही ती रेताड. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटते ती मध्यम. पाच सेंटिमीटरहून लांब निघते ती चिकण.

दुसरी बरणीची. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी व चिमूटभर धुण्याची पावडर घालून खूप हलवावी. रेती मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत. चिकण कणांना एक दिवस, कधी अधिकही लागतो. थरांची उंची मोजली की प्रमाण कळते.

तिसरी परीक्षा चुन्याची. कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकावे. फसफसली तर चुना आहे. अशा मातीत झाडाला लोह मिळणे कठीण होते. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात.

चिकण मातीत थोडी वाळू मिसळण्याचा मोह टाळावा. ती विटेसारखी घट्ट होते. कुजलेले शेणखत वा पालापाचोळ्याचे खत घालावे, वाफे उंच करावेत. रेताड मातीसही तेच खत ओल धरावयास शिकविते.

कामगार चळवळीत आम्ही नेहमी सांगत आलो : आधी चौकशी, मग मागणी. मातीपाशी मात्र आम्ही आधी वर्गणी काढली आणि चौकशी मागाहून केली. पुढे त्याच घरांतील मंडळींसह आम्ही बरण्या मांडून बसलो, तेव्हा कोठे गेलेला विश्वास परतू लागला. आपण उद्या सकाळी एक बरणी भरून ठेवा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.