रक्तदाब लपवू नका



मेडिकल जवळ आले की आपल्यातले काही जण चार दिवस गुपचूप गोळी घेतात, ‘फिट’ होऊन येतात आणि पुन्हा गोळी बंद करतात. आम्हाला यामागची भीती ठाऊक आहे : पद जाईल, रनिंग भत्ता जाईल. पण रक्तदाब बहुधा दुखत-खुपत नाही. आतून मात्र हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या खराब होत राहतात. कधीकधी पहिली खूण अर्धांगवायूचीच असते. सॉर्टिंगवर रात्र काढणाऱ्या आरएमएसच्या साथींनाही हे लागू आहे.

वेगवेगळ्या दिवशी मोजून आकडा १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर डॉक्टरांकडे जा. ॲम्लोडिपिनसारख्या गोळ्या स्वस्त आहेत. बरे वाटले म्हणून त्या मनाने सोडू नका. आकडा गोळीमुळेच खाली असतो. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा. डब्यातले लोणचे-पापडही त्यातच धरा. तंबाखू, विडी बंद.

पद सोडावेच लागले, तर रेल्वेत पर्यायी नोकरीची तरतूद नियमांतच आहे. ती मिळवून देण्यासाठी भांडणे हे युनियनचे काम. ते आम्ही करू. तपासणी तेवढी तुम्ही वेळेवर करून घ्या.