मत दिल्यानंतरची पाच वर्षे

(बीबी, ता. लोणार, जि. बुलढाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



निवडणूक आली की ‘मतदान हे पवित्र कर्तव्य आहे’ असे फलक सर्वत्र लागतात. प्रभातफेऱ्या निघतात. निकालानंतर टक्केवारी कमी दिसली की आपण सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, लोक आळशी झाले. हे निदान मला अपुरे वाटते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झाले. तेथे नक्षलवाद्यांच्या बहिष्काराची भीती, केंद्रापर्यंतची जंगलातली पायपीट, उन्हाचा कडाका. त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबई आणि कल्याण येथे आकडा ५० टक्क्यांच्या आसपास थांबला. तिथे केंद्र बहुधा चालत जाण्याजोग्या अंतरावर असते. गैरसोय हे उदासीनतेचे कारण असते, तर हे आकडे उलटे दिसले असते.

मग कारण कोणते? सुस्थित माणसाने शासनाकडून काही मागणेच सोडून दिले आहे. नळाला पाणी नाही, टँकर बोलावला. वीज जाते, इन्व्हर्टर घेतला. शाळा बरी नाही, खासगी शाळा व शिकवणी. दवाखान्याचे तेच. ज्याने प्रत्येक गरज पैसे मोजून भागवली, त्याला राजकारण ‘गलिच्छ’ म्हणण्याची चैन परवडते. ज्याला धान्य रेशनच्या दुकानातूनच आणायचे आहे, तो रांगेत उभा राहतो. आपण मध्यमवर्गीय मंडळी या व्यवस्थेतून बाहेर पडलो, म्हणून ती सुधारली नाही. उलट तिच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या बाजूने बोलणारे सुशिक्षित आवाज कमी झाले. हा दोष दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येणार नाही.

तथापि सर्व दोष नागरिकाचाच, असेही नाही. बुलढाणा जिल्हा परिषदेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली आणि मार्च २०२२ मध्ये तिची मुदत संपली. इतर मागासवर्गीय आरक्षण व गट-रचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि कारभार प्रशासकाकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने राज्यातील स्थानिक निवडणुका घेण्याविषयी स्पष्ट आदेश दिला तो ६ मे २०२५ रोजी. म्हणजे २०१७ साली जो मुलगा सतरा वर्षांचा होता, त्याने पंचविशी गाठली तरी जिल्हा परिषदेसाठी एकदाही मत दिलेले नव्हते! राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली आहे, हे त्याने फक्त नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचले. रस्त्याच्या खड्ड्याविषयी जाब विचारायचा तो कोणाला? प्रशासक बदलून जातो. त्याला आपल्या दारी मत मागायला यायचे नसते.

भरीस भर म्हणजे नियमांची अस्थिरता. सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. सरकारे बदलली तसे नियम बदलले. आपल्या मताची किंमत कोणाच्या तरी सोयीने ठरते, अशी शंका मतदाराला आली, तर त्यात नवल ते काय?

काही जण ‘नोटा’ दाबून राग व्यक्त करतात. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ला २७ हजारांहून अधिक मते मिळाली, विजयी उमेदवाराखालोखाल सर्वाधिक. संताप नोंदला गेला, परंतु निकालावर परिणाम शून्य. रागाचे रूपांतर कामात व्हायचे, तर त्याला मतदानाच्या दिवसाबाहेरची जागा हवी.

ती जागा आपल्याच गावात आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरे. शंभर माणसे! लग्नाच्या पंगतीला याहून जास्त असतात. तरीही कित्येक गावांत गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग दहा-पंधरा जण बसतात, लाभार्थ्यांची यादी वाचली जाते, ठराव होतो आणि इतिवृत्तावर सह्या होतात. ज्यांची नावे त्या यादीत आली नाहीत, त्यांना ते पुढे कधीतरी, तालुक्याच्या कचेरीत गेल्यावर कळते.