त्वचादान : आपले एक कर्तव्य



४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून अग्नीशी व्यवहार हा आपल्यापैकी कित्येकांचा नित्यक्रम ठरला. त्या अग्नीचे मोलही या नगरीने चुकविले आहे. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कारखान्यातील वायुवाहिनीजवळ आग भडकून अनेक कर्मचारी होरपळले व कित्येकांना प्राण गमवावे लागले. सेक्टर ९ मधील आपल्या रुग्णालयाचा भाजलेल्यांचा विभाग प्रांतभर परिचित आहे, तो उगाच नव्हे.

वरवरचा चटका आपोआप भरून येतो. कारण नवी त्वचा निर्माण करणाऱ्या मूलपेशी केसांच्या मुळांशी शाबूत असतात. दाह खोलवर गेला की त्याही नष्ट होतात आणि जखम केवळ कडांकडूनच भरू शकते. अशा वेळी रुग्णाच्याच अंगावरील निरोगी त्वचेचे रोपण करतात. परंतु बहुतेक शरीरच भाजले असेल, तर ती आणावी कोठून?

या प्रश्नाचे एक उत्तर १९७५ साली अमेरिकेत राइनवाल्ड आणि ग्रीन या शास्त्रज्ञांनी शोधले. त्वचेच्या लहानशा तुकड्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांचे पापुद्रे तयार करता येऊ लागले. शरीराचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग भाजलेली दोन बालके या उपायाने वाचल्याचा वृत्तांत १९८४ साली प्रसिद्ध झाला. मात्र हे पापुद्रे तयार व्हावयास सुमारे तीन आठवडे लागतात. शिवाय ते नाजूक असतात व त्यांत घर्मग्रंथी नसतात.

त्या तीन आठवड्यांत उघड्या जखमेतून शरीरातील द्रव झिरपत राहतो आणि जंतूंना वाट मिळते. तेवढ्या काळापुरते पांघरूण म्हणून मृत व्यक्तीची दान केलेली त्वचा उपयोगी पडते. मुंबईच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली अशी त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या व पाठीवरील वरचा पातळ थर तेवढाच काढतात; चेहऱ्याला धक्का लागत नाही आणि रक्तगट जुळविण्याचीही आवश्यकता नसते. ग्लिसरॉलमध्ये ही त्वचा दीर्घकाळ टिकते.

विज्ञान आपले काम करीतच राहील. संमती मात्र आपणच द्यावयाची आहे. शोकाच्या घडीला सहा तास केव्हाच निघून जातात. म्हणून, बंधुभगिनींनो, हा विषय घरातील वडीलधाऱ्यांसमवेत आजच बोलून ठेवू या. ज्या भूमीने आपल्याला अन्न दिले, तिच्या ऋणाची तेवढी तरी फेड आपण करू या.