खपलीचं देणं आणि तांबेऱ्याची चाल



खपली गहू आज पथ्याचा म्हणून चढ्या भावानं विकला जातो. वनस्पतिरोगशास्त्रात मात्र त्याला वेगळाच मान आहे. काळा तांबेरा या गव्हाच्या बुरशीजन्य रोगाचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत वनस्पतिरोगतज्ज्ञ स्टॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा गव्हांचा संच ठरवला. त्यात खपली होता, आणि याच नावानं होता. पुढे ऑस्ट्रेलियात खपलीच्या संकरातून ‘खपस्टीन’ हा वाण निघाला. त्यातलं प्रतिकारक जनुक एसआर १३ म्हणून ओळखलं जातं; ‘एसआर’ म्हणजे काळ्या तांबेऱ्याला रोखणारं जनुक.

असं जनुक करतं काय? तांबेऱ्याची बुरशी फक्त जिवंत पेशीवर जगते. पानाच्या किंवा खोडाच्या रंध्रातून ती आत शिरते आणि पेशीचा बचाव ढिला पाडणारी प्रथिनं आत सोडते. बहुतेक एसआर जनुकं या प्रथिनांवर नजर ठेवणारे पहारेकरी घडवतात. ओळख पटली की पेशी स्वतःच मरते आणि उपाशी पडलेली बुरशी तिथंच थांबते. पण वनस्पतिरोगतज्ज्ञ हॅरॉल्ड फ्लोर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावर दाखवून दिलं, की रोपातल्या अशा प्रत्येक जनुकाचा जोडीदार बुरशीत असतो. तो जोडीदार बदलला किंवा हरवला, की पहारा फुकट जातो.

एसआर ३१ चं तेच झालं. राय या धान्यातून गव्हात आलेलं हे जनुक जगभरच्या वाणांत पसरलं आणि अनेक वर्षं टिकलं. १९९८ साली युगांडात ते असलेल्या गव्हावरही काळा तांबेरा दिसला. हाच तो ‘यूजी ९९’. २००५ साली गहू-पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांनी या धोक्याबद्दल जगाला सावध केलं. २०१९ मध्ये उलगडलेली गोष्ट तर मला थक्क करते: यूजी ९९ च्या पेशीत असणाऱ्या दोन केंद्रकांपैकी एक आफ्रिकेतल्या जुन्या वंशाच्या केंद्रकाशी जवळजवळ तंतोतंत जुळतं. लैंगिक संकर न होताच दोन वंशांत केंद्रकांची देवाणघेवाण झाली होती.

खपलीतलं एसआर १३ यूजी ९९ ला रोखतं. आनंदाची गोष्ट, पण इथिओपियात त्यालाही न जुमानणारे वंश सापडले आहेत. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की एकाच मोठ्या जनुकाच्या भरवशावर वाण शेतकऱ्याच्या हाती देऊ नये.

याउलट एलआर ३४ या दुसऱ्या जनुकाकडे बघा. ते शंभराहून अधिक वर्षं वापरात आहे आणि गव्हाच्या काळ्या, तपकिरी व पिवळ्या अशा तिन्ही तांबेऱ्यांना आणि भुरी रोगाला आवर घालतं. २००९ साली कळलं, की ते पहारेकरी घडवतच नाही. पेशीच्या पडद्यातून पदार्थांची ने-आण करणारं प्रथिन घडवतं. त्यानं रोग थांबत नाही, संथ होतो, तोही मुख्यतः वाढलेल्या रोपात. म्हणजे अशा गव्हावर तांबेऱ्याच्या थोड्या पुळ्या दिसणारच. निवडीच्या वेळी त्या दिसल्या म्हणून ओळ उपटून टाकण्याची सवय पैदासकारांनी सोडायला हवी, आणि असं संथ जनुक दोन-तीन एसआर जनुकांच्या जोडीनं एकाच वाणात बांधायला हवं.