नव्या वर्षाची वही

(रौप्यमहोत्सवी समारंभात ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला 'नव्या वर्षाचा संकल्प' या विषयावर पाच मिनिटे बोलायला सांगितले आहे. फिरायला जा आणि गोड कमी खा, हे आपल्याला घरचे रोजच सांगतात. म्हणून मी लिहिण्याच्या संकल्पाविषयी बोलतो.

या स्मरणिकेसाठी मी संस्थेची जुनी इतिवृत्ते चाळली. प्रत्येक ठरावापुढे एकच शेरा, 'सर्वानुमते मंजूर'. पार्किंगच्या ठरावावर रात्री साडेअकरापर्यंत चाललेली सभा आठवते ना? ती तीन ओळींत आटोपली आहे! टँकर आला की खाली बादल्या घेऊन कोण धावायचे, पहिला हप्ता भरायला कोणाच्या घरातल्या बांगड्या मोडल्या, यातले काही तिथे नाही. इतिवृत्ताचे ते कामही नव्हे. पण हे सगळे ज्यांना ठाऊक होते त्या संस्थापक सभासदांपैकी चौघे आज आपल्यात नाहीत. त्यांच्याबरोबर ते गेले.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. त्यांनी हा प्रवास कधी लिहून काढला? सुमारे पंचवीस वर्षांनी, तोही चिं. वि. वैद्यांनी आग्रह केला म्हणून. 'माझा प्रवास' छापून आले १९०७ साली, तेव्हा भटजी हयात नव्हते. पंचवीस वर्षे म्हणजे नेमके आपल्या संस्थेचे वय. तेव्हा उशीर झाला, असे कोणी म्हणू नये.

आता संकल्प कसा करायचा? मी बँकेतला माणूस, मला आरडी कळते. 'आत्मचरित्र लिहीन' असा संकल्प करणारे जन्मापासून सुरू करतात आणि पाचव्या पानावर आजोळीच मुक्काम ठोकतात. त्यापेक्षा दर रविवारी एक पान, एकाच गोष्टीवर. वर्षाचे बावन्न रविवार. लग्नसराई, आजारपण आणि नातवंडांच्या सुट्ट्या वजा जाता चाळीस धरा. 'चांगले लिहीन' हे मोजता येत नाही, पान मोजता येते. पहिल्या रविवारी तर लिहूच नका, नुसती विषयांची यादी करा. आणि प्रत्येक पानात निदान एक नाव, एक जागा आणि एक आकडा हवाच. दुधाचा भाव चालेल, घरभाडे चालेल. 'ते दिवस फार छान होते' एवढेच लिहिले तर नातवाला त्यातून काय कळणार?

माझी यादी झाली आहे. मी चाकणच्या शाखेत होतो तेव्हा कांद्याच्या हंगामात शेतकरी बाजारसमितीतून पट्टी घेऊन थेट काउंटरवर यायचे. पुढे एमआयडीसी आली आणि त्यांच्यातलेच काही जण जमिनीच्या मोबदल्याचा चेक घेऊन आले. एका आजोबांनी तो चेक माझ्यासमोर तीनदा उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "साहेब, यात माझी विहीर धरलीये का?" हे पान मी आधी लिहिणार आहे. आज तिथे कारखान्यांच्या भिंती आहेत.

भगिनींपैकी कोणी म्हणतील, आमचे शुद्धलेखन कच्चे. लक्ष्मीबाई टिळक लिहाय-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला १९३४ साली, त्यांची साठी उलटून गेल्यावर. हात कापत असेल तर मुलांनी मोबाईलवर बोलणे टिपून घ्यावे. पण उतरवून मात्र घ्यावे, कारण मोबाईल बदलला की ते हरवते.

वाण्याच्या दुकानात शंभर पानी वही मिळते, तेवढी पुरे. माझ्या यादीत सतरावा विषय 'पार्किंगची सभा' हा आहे. त्या रात्री जे जे तावातावाने बोलले, त्यांनी आपापली बाजू वेळेत लिहून ठेवावी. मी फक्त माझीच लिहिणार आहे.